रस्त्याकडेला सडणारी गाडी : तक्रार, नोटीस, टोइंग आणि आरसी रद्द करणं

बेवारस गाडीबद्दलचा पहिला अर्ज बहुतेक वेळा चुकीच्या टेबलावर जातो. महापालिका म्हणते वाहतूक पोलिसांकडे जा, वाहतूक पोलीस म्हणतात वॉर्ड ऑफिसात जा, आणि गाडी सोसायटीच्या आवारात असेल तर दोघंही हात वर करतात. यात टाळाटाळ असतेच, पण खरं कारण कायद्यात आहे. गाडी कोणाच्या जागेत उभी आहे आणि कशामुळे उभी आहे, यावर ती हलवायचा अधिकार कोणाचा हे ठरतं. अर्ज लिहायला बसण्याआधी या दोन गोष्टी पक्क्या केल्या, तर निम्मे हेलपाटे वाचतात.

आधी जागा, मग कारण

सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, नाल्याकाठ, महापालिकेचं मैदान : इथे अधिकार महापालिकेचा. मुंबईत मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ लागू आहे. त्याचं कलम ३१३ रस्त्यावर वस्तू टाकून ठेवायला मनाई करतं आणि कलम ३१४ अशी वस्तू विनानोटीस उचलायचा अधिकार आयुक्तांना देतं. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा बाकीच्या महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ आहे. तिथे मनाई कलम २३० मध्ये आणि उचलायचा अधिकार कलम २३१ मध्ये. गावात ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ रस्त्यावरच्या अडथळ्यांसाठी आहे. अर्जात योग्य कलम लिहिलं की कारकुनाला फाईल कुठे पाठवायची ते कळतं.

वाहतूक पोलिसांचा अधिकार वेगळा आणि महापालिकेच्या अधिकाराला समांतर आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून जास्त वेळ सोडून दिलेली, किंवा मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी टो करायला किंवा तिला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. जळालेली, मोडकी किंवा अर्धवट सुटे भाग काढलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल, तर ती लगेच हटवता येते. टोइंगचा खर्च मालकाच्याच माथी. शिवाय कलम २०१ खाली वाहतूक अडवल्याबद्दल ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये सार्वजनिक मार्गात अडथळा केल्याबद्दल ५,००० रुपयांपर्यंत.

थोडक्यात, गाडी वळणावर, शाळेसमोर किंवा अरुंद गल्लीत अडचण करत असेल तर वाहतूक पोलीस लवकर हलतात. कडेला नुसती सडत पडली असेल तर काम महापालिकेचं. राष्ट्रीय महामार्गावर बंद पडलेली गाडी असेल तर १०३३ ही हेल्पलाइन.

आता कारण. महिनोन् महिने न हललेली प्रत्येक गाडी बेवारस नसते. धूळ बसलेली पण टायरात हवा असलेली, विमा चालू असलेली गाडी परगावी गेलेल्या शेजाऱ्याची असू शकते. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्यावर लावून ठेवल्या असतील तर प्रश्न त्याच्या परवान्याचा आहे, आणि तक्रार वॉर्डच्या अनुज्ञापन विभागाकडे जायला हवी. नाहीतर एक गाडी उचलली की दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी उभी राहते. पोलीस ठाण्याबाहेर रांगेने पडलेल्या गाड्या तर बहुतेक वेळा गुन्ह्यातला मुद्देमाल असतात. त्यांना महापालिका हात लावू शकत नाही.

पुरावा असा गोळा करा

पाच-सहा फोटो पुरतात, पण ते योग्य हवेत. चारही बाजू, नंबरप्लेट, बसलेले टायर, आत साचलेला कचरा किंवा पाणी, आणि एक लांबून काढलेला फोटो, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसतो. हा शेवटचा फोटोच लोक विसरतात, आणि निरीक्षक येऊन ‘गाडी आढळली नाही’ असा शेरा मारून जातो.

पहिल्या फोटोनंतर साधारण पंधरवड्याने तसेच फोटो पुन्हा काढा. टायरला लागून जमिनीवर खडूची रेघ ओढून ठेवली तर गाडी हललेली नाही हे दोन फोटोंवरून आपोआप दिसतं. पावसाळ्यात गाडीत, टपावर किंवा सुट्या टायरांत साचलेलं पाणी नक्की टिपा. डासांची पैदास ही तक्रार कीटकनाशक विभागाकडे स्वतंत्रपणे जाते, आणि जून ते सप्टेंबर हा विभाग बाकीच्यांपेक्षा चपळ असतो.

नंबरप्लेट नसेल तर चासी क्रमांक बघावा लागतो. तो १७ अक्षरांचा असतो. मोटारीत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली, दुचाकीत हँडलच्या मानेवर कोरलेला. मात्र दार उघडून, काच सरकवून तो शोधायला जाऊ नका. मालक उद्या ‘माझी बॅटरी गेली, टेप गेला’ म्हणत उभा राहिला तर संशय तुमच्यावर येतो. बाहेरून दिसत नसेल तर अर्जात ‘नंबरप्लेट नाही’ एवढंच लिहा. गाडी अचानक उगवलेली, अनोळखी आणि संशयास्पद वाटत असेल तर महापालिकेची वाट न बघता ११२ वर फोन करा.

अर्ज

मुंबईत १९१६ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, आणि त्याच मजकुराचा लेखी अर्ज वॉर्डच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावाने परिरक्षण (देखभाल) विभागात द्या. इतर शहरांत क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयाचा अतिक्रमण विभाग. फोनवरची तक्रार ‘निकाली’ म्हणून परस्पर बंद होऊ शकते. आवक-जावकचा शिक्का असलेली पोच तशी बंद करता येत नाही. मजकूर असा ठेवा :

‘विषय : सार्वजनिक रस्त्यावरील बेवारस वाहन हटवण्याबाबत. महोदय, (रस्त्याचं नाव, जवळची खूण, खांब क्रमांक) येथे (रंग, बनावट, नोंदणी क्रमांक) हे वाहन दिनांक … पासून एकाच जागी उभे आहे. चारही टायर बसलेले असून काचा फुटल्या आहेत. दिनांक … आणि … रोजीचे फोटो जोडले आहेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २३० व २३१ अन्वये कारवाई करून त्याची माहिती मला लेखी कळवावी.’

मुंबईसाठी अधिनियमाचं नाव आणि कलमं बदला. ‘लेखी कळवावी’ हे शेवटचे शब्द गाळू नका, पुढच्या पाठपुराव्याचा आधार तेच आहेत. प्रत वाहतूक विभागाच्या चौकीला द्या आणि तिथेही पोच घ्या. एकाच गल्लीत पाच गाड्या असतील तर पाचही एका अर्जात घाला, पण प्रत्येकीची वेगळी ओळ करा. क्रेन एकदा आली की सगळ्या उचलणं कंत्राटदारालाही परवडतं. एका गाडीसाठी तो फेरी पुढे ढकलत राहतो.

तीन-चार आठवड्यांत हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका. त्याला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. विचारा : माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या स्थळपाहणीच्या अहवालाची प्रत, वाहनावर चिकटवलेल्या नोटिशीची प्रत, आणि टोइंगसाठी कंत्राटदाराला दिलेल्या यादीची प्रत. यातला जो कागद अस्तित्वात नसेल, तिथेच काम अडलेलं असतं.

नोटीस लागल्यावर काय होतं

कायदा विनानोटीस उचलायची मुभा देतो, तरी महापालिका नोटीस चिकटवतात. गाडीला नोंदणीकृत मालक असतो आणि परस्पर विल्हेवाट लावली तर वाद कोर्टात जाऊ शकतो. नोटिशीची मुदत शहराप्रमाणे आणि वेळोवेळच्या परिपत्रकाप्रमाणे बदलते; सहसा ४८ किंवा ७२ तास. नोटिशीवर तारीख, वेळ आणि वाहनाचं वर्णन हवं. पावसाने विरघळलेल्या किंवा तारीख नसलेल्या नोटिशीमुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून नोटीस लागल्याच्या दिवशी तिचाही फोटो काढून ठेवा.

मुदत संपली की गाडी टो होऊन यार्डात जाते. उचलताना फोटो काढायचे, पंचनामा करायचा, गाडीत काय काय आहे आणि काय नाही याची यादी करायची. त्यानंतर क्रमांक आरटीओ आणि पोलिसांना कळवला जातो, कारण गाडी चोरीची असू शकते. चोरीची निघाली तर लिलाव थांबतो आणि ती संबंधित पोलीस ठाण्याच्या ताब्यात जाते. मुंबईत यार्डातल्या गाडीवर दावा करायला साधारण ३० दिवस मिळतात. नंतर लिलाव किंवा भंगार.

अडतं कुठे? सगळ्यात जास्त यार्डात. जागा भरली की टोइंग थांबतं, नोटिसा मात्र लागत राहतात. दुसरी अडचण गल्लीची. हायड्रा क्रेनला वळायला जागा लागते. खाली आलेल्या केबल आणि दोन्ही बाजूंच्या दुचाकी यांमुळे क्रेन रिकामी परत जाते. रहिवाशांनी त्या दिवशी दोन तास गल्ली मोकळी करून देतो असं लेखी कळवलं तर काम खरंच होतं. तिसरी, सगळ्यात चीड आणणारी गोष्ट : नोटीस लागल्यावर मालक गाडी ढकलून पलीकडच्या गल्लीत नेतो. तिथे वॉर्डची हद्द बदलत असेल तर फाईल नव्याने उघडते. अशा वेळी नव्या जागेच्या अर्जाला जुन्या नोटिशीचा फोटो जोडा.

नोटीस तुमच्याच गाडीवर लागली असेल तर

पहिलं काम : नोटिशीवरच्या कार्यालयात मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, सोबत आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत, विमा आणि गाडी कधीपर्यंत हलवणार ती तारीख. टायरात हवा भरून, बॅटरी जोडून गाडी चालू करता आली तर निरीक्षकाला दाखवा. नुसती चार फूट पुढे सरकवणं उपयोगाचं नाही.

गाडी यार्डात गेलीच असेल तर मूळ आरसी, ओळखपत्र आणि दंड-शुल्क घेऊन लवकर जा. प्रलंबित ई-चलनं आधी महाट्रॅफिक ॲपवर तपासा. यार्डाचं भाडं दिवसागणिक चढत असेल तर जुन्या गाडीच्या किमतीपेक्षा देणं जास्त व्हायला वेळ लागत नाही. ताबा घेण्याआधी पंचनाम्यातली यादी गाडीशी ताडून बघा. सही केल्यानंतर स्टेपनी नाही म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

पंधरा वर्षं झाली म्हणून महाराष्ट्रात खाजगी गाडी आपोआप भंगार ठरत नाही. दिल्ली परिसरातला वयाचा नियम इथला नाही. तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. पण नूतनीकरण न केलेली गाडी रस्त्यावर उभी असेल तर तुमची बाजू लंगडी पडते.

सोसायटीच्या आवारातली गाडी

इथे महापालिका येत नाही, आणि समितीने परस्पर भंगारवाल्याला बोलावून गाडी विकली तर चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. तेव्हा क्रम असा ठेवा. सर्वसाधारण सभेत पार्किंगचा ठराव करा : न चालणाऱ्या गाडीसाठी किती मुदत, त्यानंतर महिना किती आकार. आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) पार्किंगचे नियम ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, समितीला एकटीला नाही. मग सभासदाला नोंदणीकृत टपालाने नोटीस द्या. आकार थकला तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीसाठी उपनिबंधकाकडे जाता येतं.

गाडी सभासदाची नसेल, जुन्या भाडेकरूने सोडलेली असेल, तर पोलीस ठाण्यात क्रमांकासह लेखी माहिती द्या. गाडी चोरीची आहे का हे त्यांना बघावंच लागतं. अग्निशमन बंबाच्या वाटेत गाडी असेल तर अग्निशमन दलाला कळवा. त्यांची नोटीस सोसायटीला येते, पण तिच्या जोरावर अडून बसलेला मालक हलतो.

पोलीस ठाण्यासमोरच्या गाड्या

जप्त गाडी मालकाला सोडवून घ्यायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे की, जप्त वस्तू पोलीस ठाण्यात पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त पडून राहू नयेत. फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन गाडी परत द्यावी. वकिलाने अर्जात या निकालाचा आधार घेतला की काम सोपं होतं. सहा महिन्यांत कोणीच दावा केला नाही तर पुढची विल्हेवाट कलम ५०४ प्रमाणे. त्यामुळे पोलीस ठाण्याबाहेरच्या गाड्यांची तक्रार करायचीच असेल तर ती पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांकडे ‘मुद्देमालाची विल्हेवाट’ या विषयाखाली करा.

गाडी भंगारात द्यायची तर कागद आधी

सर्वाधिक नुकसान इथेच होतं. दारावर आलेल्या भंगारवाल्याला गाडी दिली, आठ-दहा हजार हातात पडले, विषय संपला असं वाटतं. आरटीओच्या नोंदीत मात्र गाडी तुमचीच राहते. ती पुढे कोणी जोडून चालवली, तिच्या नंबरप्लेटवर दुसरी गाडी फिरली, अपघात झाला, तर नोटीस तुमच्या दारी येते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे : नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकरणाला कळवून आरसी परत करावी. गाड्या भंगारात काढण्याच्या २०२१ च्या नियमांनंतर हे काम नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रामार्फत करणं सगळ्यात सुरक्षित. क्रम असा :

१. ‘वाहन’ पोर्टलवर गाडीची नोंद तपासा. बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलं तरी बोजा नोंदीत तसाच असतो, आणि सर्वाधिक गाड्या इथे अडकतात.

२. मालक वारले असतील तर वारसाने फॉर्म ३१ देऊन आधी गाडी स्वतःच्या नावावर करावी. भावंडांची संमती लागते, तेव्हा हे काम सगळे एकत्र जमतात त्या वेळी उरकलेलं बरं.

३. थकलेली चलनं आणि कर भरा. काळ्या यादीतली किंवा गुन्ह्यात नोंद असलेली गाडी केंद्र घेत नाही.

४. मूळ आरसी, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि ओळखपत्र घेऊन केंद्राशी भाव ठरवा. केंद्र सरकारच्या स्क्रॅपिंग धोरणात भंगाराचं मूल्य नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलं आहे, पण प्रत्यक्ष भाव वजनावर आणि लोखंडाच्या दरावर ठरतो. बॅटरी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि अलॉय चाकं आधीच काढून विकली असतील तर भाव पडतो. सीएनजी टाकी असल्याचं आधी सांगा. ती गाडीसोबतच द्यावी, घरी काढू नये.

५. गाडी देताना ठेव प्रमाणपत्र (गाडी केंद्रात जमा केल्याचा कागद) घ्या. नव्या गाडीवरच्या मोटार वाहन करातली सवलत त्याच्यावर मिळते. केंद्र सरकारने तिची कमाल मर्यादा खाजगी गाडीला २५ टक्के आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्के ठेवली आहे, प्रत्यक्ष दर राज्य ठरवतं. नवी गाडी घ्यायची नसेल तर हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरित करता येतं.

६. गाडी तोडून झाल्यावर स्क्रॅपिंग प्रमाणपत्र मिळतं. चासी क्रमांकाचा कापलेला तुकडा स्क्रॅपिंग केंद्राने सहा महिने जपून ठेवायचा असतो. काही वाद उभा राहिला तर त्या मुदतीत तो बघायला मागा.

प्रमाणपत्र हाती आलं तरी पंधरा दिवसांनी ‘वाहन’ पोर्टलवर गाडीची नोंद पुन्हा उघडून बघा. नोंदणी रद्द झालेली दिसत नसेल तर प्रमाणपत्राची प्रत घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या. विमा त्यानंतरच रद्द करा, फास्टॅग ज्या बँकेने दिला तिच्याकडून बंद करून घ्या, आणि आरसीची झेरॉक्स व दोन्ही प्रमाणपत्रं घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. जुन्या क्रमांकावर चलन आलंच, तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच.